आधी भाकरी सांगा, मग डोंगर चढा

प्रश्न : मी डोंबिवलीची, वय ६७. नोव्हेंबरच्या शेवटी मुलगी, जावई आणि दोन नातवंडं दुबईहून येताहेत. मुलं ९ आणि १३ वर्षांची आहेत. लोणावळा-महाबळेश्वर दोनदा झालंय. या वेळी धाकटीचं म्हणणं, "आजी, तुझ्या घराजवळचे डोंगर दाखव." बहिणीकडे बदलापूरला जाताना लोकलच्या खिडकीतून डोंगर दिसतात खरे, पण तिकडे जायचं म्हणजे ट्रेकच करावा लागतो का? दोन दिवस गाडी हाताशी आहे. थोडं चालणं, चार घास साधं जेवण आणि दिवेलागणीला घरी, एवढंच हवंय. कसं जमवावं?
*एक वाचक, डोंबिवली*

उत्तर : ट्रेक मुळीच करावा लागत नाही. उल्हासनगर ते वांगणी हा पट्टा अर्ध्या दिवसाच्या चालण्यासाठी फार चांगला आहे, पण त्याकडे त्या नजरेने फारसं कुणी पाहत नाही. पाठीवर सॅक लावून चंदेरीचा डोंगर गाठणारे येतात आणि पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला झुंडी येतात. आजी, आई-बाबा आणि शाळकरी मुलं अशा घरासाठी इथे काय आहे, हे सांगणारं कुणी भेटत नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देते.

पहिली गोष्ट : बेत डोंगरापासून आखू नका, जेवणापासून आखा. हे मी अगदी मनापासून सांगतेय. बदलापूर सोडून बारवी धरणाच्या किंवा वांगणीच्या रस्त्याला लागलात की ज्या लहान खानावळी आणि घरगुती जेवणाच्या जागा दिसतात, तिथे पातेली भरून जेवण तयार नसतं. माणसं मोजून भाकऱ्या थापल्या जातात. गावठी कोंबडी सांगितलीत तर ती शिजायला वेळ लागतो, आणि तो लागलाच पाहिजे. सकाळी जाताना तिथे थांबून चहा घ्या आणि सांगा : इतकी माणसं, इतक्या तांदळाच्या भाकऱ्या, दोघांना पिठलं, मुलांचं तिखट बेताचं, साडेबाराला येतो. साडेबाराला तव्यावरची भाकरी ताटात पडते. तेच दुपारी अडीचला न सांगता गेलात, तर उरलंसुरलं मिळेल, नाहीतर हमरस्त्यावर येऊन सगळीकडे मिळतं तेच खावं लागेल.

सांगून जाण्याचा दुसरा फायदा मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. तुम्ही कोणत्या वाटेने गेलात आणि किती वाजता परतणार, हे गावात एका माणसाला ठाऊक असतं. साडेबाराची माणसं दोनपर्यंत आली नाहीत, तर भाकरी थापणारी बाई अंगणात येऊन वाटेकडे बघते, कुणाला तरी हाक मारते. अनोळखी डोंगरात याहून चांगली राखण मिळायची नाही.

जेवणाची वेळ ठरली की परतीची वेळ आपोआप ठरते. साडेबाराला जेवायचं असेल तर साडेदहाला, फार तर पावणेअकराला मागे फिरायचं. तेव्हा जिथे असाल तिथून. माथा पाच मिनिटांवर दिसत असला तरीही. मुलांना हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा, वर गेल्यावर घासाघीस नको.

किती अंतर झेपेल, याचाही हिशोब सोपा आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटलंडच्या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक आडाखा दिला, तो आजही जगभर वापरतात : सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास, आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे जाऊन-येऊन ४ किलोमीटर आणि २०० मीटर चढ असेल तर साधारण एक तास दहा मिनिटं. पण हा हिशोब धडधाकट, सवयीच्या माणसाचा आणि थंड हवेतला. आपल्याकडचं ऊन, निसटते दगड, मुलांचं दर दहा पावलांना थांबणं आणि तुमचे गुडघे धरून तो सरळ दुप्पट करा. अडीच तास लागतात असं धरून चाला आणि त्याहून मोठी वाट निवडू नका.

आता तुमचे दोन दिवस. रेल्वेच्या मोजणीने मुंबईपासून अंबरनाथ ६० किलोमीटर, बदलापूर ६८ आणि वांगणी ७९. अंतरं इतकी कमी की एका दिवसात सगळं उरकावं असा मोह होतो. तो आवरा. शहरांतले रस्ते चिंचोळे आहेत, काटई-बदलापूर रस्त्यावर अवजड गाड्यांची रांग असते, आणि रविवारी संध्याकाळी कर्जत-नेरळच्या फार्महाउसवरून परतणारी गर्दी याच वाटेने येते. दिवसाला एक चालणं आणि एक बघणं, यापुढे जाऊ नका.

पहिला दिवस उल्हासनगर आणि अंबरनाथचा. घरून उपाशी निघा, कारण उल्हासनगरात सकाळचा नाश्ता करायचाय. दाल-पकवान हे सकाळचंच खाणं आहे. उन्हं चढली की बहुतेक ठिकाणी संपतं. खुसखुशीत पकवान, त्यावर घट्ट शिजवलेली चणाडाळ, चिंचेची आणि हिरवी चटणी, वरून कांदा. नातवंडांना तिखटाची सवय नसेल तर चटणी बाजूला मागा. 'छोला डबल' मागवलंत तर छोल्यांबरोबर पाव येतो. हे खाता खाता मुलांना या गावाची गोष्ट सांगा, कारण ती त्यांना दुबईत कुणी सांगणार नाही. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या हजारो कुटुंबांना त्याच बराकींमध्ये जागा दिली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नव्या गावाची कोनशिला बसवली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याला नाव मिळालं. आजही इथल्या भागांना कॅम्प एक, कॅम्प दोन असं पाचापर्यंत म्हणतात आणि पत्त्यांत बराक नंबर असतो. हातात काही नसताना आलेल्या माणसांनी इथे बाजारपेठ उभी केली आणि आपलं खाणं टिकवलं. तिथे बसून दाल-पकवान खाणं ही त्या कष्टांची ओळख करून घेण्याची चांगली रीत आहे.

निघताना डब्यात कोकी बांधून घ्या. कांदा, मिरची, कोथिंबीर घालून लाटलेली ही जाड, खरपूस सिंधी पोळी प्रवासासाठीच म्हणून करतात. दिवसभर टिकते, थंड खाल्ली तरी चांगली लागते आणि लोणच्याशिवाय दुसरं काही लागत नाही. पहिल्या दिवशीचं दुपारचं जेवण हेच. त्यामुळे त्या दिवशी खानावळीची चिंताच उरत नाही.

तिथून अंबरनाथचं शिवमंदिर. त्याला तासभर तरी द्या. शिलालेखात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० हे साल आहे आणि शिलाहार राजा मामवाणी याचा उल्लेख. मंदिर भूमिज शैलीचं. शिखराच्या कोनाकोनांतून लहान लहान शिखरांच्या उभ्या माळा वर चढत गेलेल्या दिसतात. आत सभामंडपातून गाभाऱ्यात जायला पायऱ्या वर चढत नाहीत, खाली उतरतात, आणि डोक्यावर शिखराचं टोक नसल्याने आभाळ दिसतं. मुलांना हे सगळ्यात आवडेल. बाहेरून प्रदक्षिणा घालताना भिंतीवरच्या मूर्ती घाईने बघू नका. खालचा हत्तींचा थर एका बाजूने पूर्ण बघा, मग नजर वर न्या. मंदिराचा काळा दगड आणि समोरच्या डोंगराचा दगड एकाच कुळातला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून थरावर थर लाव्हा पसरला, त्याच बेसाल्टचा हा डोंगर आणि त्याच बेसाल्टचं हे मंदिर. शेजारून वाहणारी वालधुनी नदी मात्र आता कारखान्यांच्या पाण्याने आणि सांडपाण्याने काळवंडली आहे. ते मुलांपासून लपवू नका. कारण पुढचं चालणं त्याच नदीच्या वरच्या अंगाला आहे आणि तिथे ती वेगळी दिसते.

हे चालणं म्हणजे काकोळे. अंबरनाथ पूर्वेकडून मलंगगडाच्या पायथ्याच्या दिशेला काकोळे गाव आहे, तिथे इंग्रजांच्या काळात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने वालधुनीवर बांध घालून तलाव केला. अजूनही लोक त्याला जीआयपी तलावच म्हणतात. वाट जवळजवळ सपाट, समोर मलंगगडाची रांग, हिवाळ्यात पाणपक्षी. गावाच्या अलीकडे रस्ता रुंद असेल तिथे गाडी लावा आणि चालत जा. गुडघ्यांना काही होणार नाही. पाण्यात उतरायचं नाही, पाय सोडूनसुद्धा बसायचं नाही. बांधाच्या कडेचा उतार शेवाळलेला असतो. सावली बघून बसा, कोकी काढा. कागद, पिशव्या परत डब्यात.

दुसरा दिवस बदलापूरचा, आणि या दिवशी थोडा चढ आहे. बदलापूर पश्चिमेकडून उल्हास नदीचा पूल ओलांडून बारवीचा रस्ता धरला की मुळगाव लागतं. तिथल्या टेकडीवर खंडोबाचं देऊळ आहे. वर जायला पायऱ्या आहेत, त्यामुळे वाट चुकण्याची भीती नाही आणि जिथे दम लागेल तिथे बसता येतं. माझ्या मते हौशी चालणाऱ्या कुटुंबासाठी या पट्ट्यातली सगळ्यात चांगली चढण हीच. वरून उल्हासचं खोरं दिसतं आणि नदीपलीकडे चंदेरी, म्हैसमाळ, नाखिंद, पेब, माथेरान अशी रांग उभी दिसते. नातीला जे डोंगर दाखवायचेत ते सगळे एका जागी दिसतात, आणि मला वाटतं त्यांच्यावर चढण्यापेक्षा लांबून त्यांची नावं ओळखायला शिकणं हे नऊ वर्षांच्या मुलीसाठी अधिक मोलाचं आहे. लोकलच्या खिडकीतून पुढच्या वेळी तीच तुम्हाला नावं सांगेल.

दोन गोष्टी सांभाळा. रविवार हा खंडोबाचा वार, त्यामुळे शक्यतो इतर दिवशी जा. आणि नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर म्हणजे चंपाषष्ठीचे दिवस. पंचांग बघून तो दिवस टाळा. भाविकांच्या गर्दीत मुलांनाही मजा नाही आणि भाविकांनाही आपला अडथळा. साडेसातला पायथ्याशी असाल तर चढताना ऊन सोसण्याजोगं असतं. तुमच्या गुडघ्यांचं म्हणाल, तर चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. हातात काठी ठेवा, उतरताना काठी आधी खालच्या पायरीवर आणि मग पाय. वाटेत कुठेही "मी इथेच बसते" म्हणावंसं वाटलं तर बसा. फक्त जावयांना किंवा मुलीला तुमच्याबरोबर बसू द्या.

खाली आलात की सकाळी सांगून ठेवलेलं जेवण. तांदळाची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, कांदा. मांसाहार करत असाल तर आगरी पद्धतीचं सुकं किंवा रस्सा. जेवताना मुलांना भाकरी थापणं बघायला चुलीपाशी जाऊ द्याल का म्हणून विचारा. बहुतेक घरांत आनंदाने जवळ बोलावतात.

जेवण झाल्यावर उत्साह उरला असेल तरी दुसरा डोंगर जोडू नका. परत बदलापुरात येऊन बहिणीकडे चहा घ्या. ते राहिलं तर ती रुसेल.

मलंगगड आणि चंदेरी यांचं नाव तुम्हाला कुणी ना कुणी सुचवेलच. मलंगगडाची पायऱ्यांची चढण लांबलचक आहे आणि वरचा बालेकिल्ला सराईतांनाच झेपणारा. चंदेरीच्या कड्याखालच्या शेवटच्या टप्प्यात घसारा आहे, एका बाजूला खोल दरी. वाटाड्या आणि दोर घेऊन जाणाऱ्यांचे ते डोंगर आहेत. तुम्ही ते मुळगावहून बघा.

प्रश्न : नकाशा बघताना गोंधळ होतो. बदलापूर पूर्वेला उतरून कोंडेश्वरला जातात, पण नकाशात कोंडेश्वर शहराच्या खाली डावीकडे दिसतं. बारवी धरण पश्चिमेकडून जायचं, पण नकाशात ते उजवीकडे आहे. चूक कुणाची?
*एक वाचक, मुलुंड*

उत्तर : चूक कुणाचीच नाही, आणि प्रश्न फार चांगला आहे. भटकंती आखताना तो खरोखर कामाला येतो.

मुंबईहून निघालेली रेल्वे उत्तरेकडे जाते. तिच्या उजव्या हाताला पूर्व, डाव्या हाताला पश्चिम. स्थानकांच्या दोन बाजूंना हीच नावं पडली. दादरला, मुलुंडला ती नकाशाशी जुळतात. लोहमार्ग १८५४ मध्ये कल्याणला पोहोचला, आणि तिथून पुढे त्याच्या दोन वाटा झाल्या. एक कसाऱ्याकडे गेली. दुसरी १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत गेली. तीच आजची कर्जतची वाट. कल्याण सोडल्यावर ही दुसरी वाट वळसा घेऊन आग्नेयेकडे तोंड करते. गाडी वळली, पण उजव्या हाताचं नाव पूर्वच राहिलं. त्यामुळे उल्हासनगरच्या पुढे 'पूर्व' म्हणजे नकाशातली नैऋत्य आणि 'पश्चिम' म्हणजे ईशान्य. अंबरनाथचं शिवमंदिर पूर्वेला म्हणतात, पण ते स्थानकाच्या नैऋत्येला आहे.

यातून कामाची गोष्ट अशी. मलंगगड, ताहुली, चंदेरीची रांग रेल्वेच्या 'पूर्वेला' आहे, म्हणजे प्रत्यक्षात सूर्य मावळतो त्या अंगाला. डोंगरांची आपल्याकडची बाजू सकाळचं ऊन सरळ अंगावर घेते. नऊ वाजेपर्यंत दगड तापू लागतात. उलट दुपारनंतर सूर्य डोंगराआड जातो आणि पायथ्याच्या वाड्या-पाड्यांवर सावली लवकर उतरते. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. कोंडेश्वरच्या, भोज धरणाच्या बाजूला झाडीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारून येतं. मोबाइलवर सूर्यास्ताची वेळ बघून "अजून तासभर उजेड आहे" असं समजलात तर फसाल. या बाजूला चार वाजता गाडीपाशी असणं बरं. बारवीच्या आणि मुळगावच्या अंगाला मात्र संध्याकाळचा उजेड शेवटपर्यंत टिकतो.

कुणाला भेटायचं ठरवताना "बदलापूर पूर्व" एवढंच सांगून थांबू नका. कुठल्या रस्त्याला, कुठल्या चौकात ते सांगा. गाडीने येणारा नकाशा बघतो आणि लोकलने येणारा फलाटावरची पाटी.

प्रश्न : आम्ही कल्याणच्या कॉलेजातली मुलं. पावसाळा सुरू झाला की कोंडेश्वर, बारवी सगळीकडे बंदी. दरवर्षी तेच. पावसात डोंगर बघायचेच नाहीत का?
*एक वाचक, कल्याण (पश्चिम)*

उत्तर : बघायचे. पण बंदीचा राग धरू नका, आधी ती का आहे ते नीट समजून घ्या.

कोंडेश्वरला देवळाशेजारी पाण्याची कुंडं आहेत. वरून धार पडते, तिथे वर्षानुवर्षं दगड गुळगुळीत घासला गेलाय. उडी मारणाऱ्याला तळाचे खळगे दिसत नाहीत, धारेखालचं पाणी माणसाला वर येऊ देत नाही, आणि बाहेर पडायला हाताला पकड मिळत नाही. पोहता येणारी मुलंही तिथे बुडाली आहेत. तुमच्या वयाची. म्हणून ठाणे जिल्हा प्रशासन पावसाळ्यात अशा जागांवर मनाई आदेश काढतं.

दुसरं कारण डोंगराच्या ठेवणीत आहे. ही रांग उभी आणि अरुंद. माथ्यावर जोराची सर पडली की पाणी मुरायला जागा नसते, ते ओढ्यात येतं आणि ओढ्यातून थेट तुमच्यापर्यंत. तुमच्या डोक्यावर ऊन असू शकतं आणि तरीही पाणी चढतं. ओढ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज बदलला, तर सामान तिथेच टाकून वर या. पलीकडच्या काठावर असाल तर ओलांडायचा प्रयत्न करू नका. तिथेच उंचावर थांबा आणि ११२ ला फोन करा.

हे खोरं किती झपाट्याने भरतं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलंय. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पुरात अडकली. हजाराहून जास्त प्रवासी गाडीत होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने होड्या आणून त्यांना बाहेर काढलं. लोहमार्ग ज्या पाण्याखाली जातो, त्या पाण्यापुढे मोटारसायकल काय टिकणार? बारवी धरण भरलं की त्याचे दरवाजे आपोआप उघडतात, तेव्हा बारवी नदीच्या काठालाही गंमत म्हणून उभं राहू नये.

मग जायचं कुठे? डोंगराकडे पाहायला जा, ओढ्याकडे नको. वांगणीला उतरून बेडीसगावच्या दिशेला गावाच्या रस्त्याने चाला. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, जुलैमध्ये लावणी चाललेली, समोर डोंगरावरून उतरणाऱ्या पांढऱ्या रेघा. भगीरथ धबधबा पुढे आहे, पण त्याच्या पाण्यात शिरायचा बेत पावसाळ्यात करू नका. गावापर्यंत जा, तिथे कुणाकडे तरी चहा प्या, परत या. बांधावरून चालताना लावलेलं भात तुडवू नका. ते कुणाचं तरी वर्षभराचं अन्न आहे. मोठ्या आवाजात गाणी लावू नका. पर्यटकांना गावं का वैतागतात हे तुम्ही एकदा खाचरात राबणाऱ्या माणसाशी दहा मिनिटं बोललात तर कळेल.

पायाकडे लक्ष ठेवा. दगडाच्या फटीत न बघता हात घालू नका. फुरसं लहान असतं आणि मातीच्या रंगात मिसळून जातं. कुणाला साप चावलाच तर चिरा मारणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं हे काहीही न करता १०८ ला फोन करा, चालायला न लावता लवकरात लवकर सरकारी रुग्णालयात न्या.

आणि जेवण. आषाढ संपताना, गटारीच्या आधी, या रस्त्यावरच्या खानावळींत पाय ठेवायला जागा नसते. रस्त्यावर पिऊन गाडी चालवणारेही तेव्हाच जास्त. तो आठवडा घरी बसा. श्रावण लागला की गर्दी ओसरते, खानावळीवाल्यांना बोलायला वेळ असतो आणि शाकाहारी जेवण मनापासून केलेलं मिळतं. तुमच्या भटकंतीसाठी श्रावणच धरा.

प्रश्न : दरवेळी वडापाव आणि मिसळ. या भागात जाऊन इथलंच म्हणावं असं काय खावं, आणि कधी?
*एक वाचक, ठाणे*

उत्तर : वडापावला नाकं मुरडू नका. कर्जत स्थानकावर गाडी थांबली की दिवाडकरांच्या वड्यासाठी माणसं आजही उतरतात. पण तुमचा प्रश्न कळला. इथलं खरं खाणं ऋतूप्रमाणे येतं आणि बरंचसं हॉटेलात मिळतच नाही. ते बदलापूर, वांगणी, नेरळच्या बाजारांत आणि स्थानकांबाहेर पाट्या घेऊन बसलेल्या ठाकूर-कातकरी बायांकडे मिळतं. डोंगरात चालून त्यांनी ते गोळा केलेलं असतं. आपण जी वाट हौस म्हणून तासभर चालतो, ती त्या डोक्यावर ओझं घेऊन रोज चालतात. त्यांच्याशी भाव करू नका.

मेमध्ये करवंदं. पहिल्या पावसाच्या आगेमागे शेवळं येतात, फार थोडे दिवस. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडं घालतात. आवळ्याएवढी हिरवी आंबट फळं. शेवळं विकणारीच्या पाटीत काकडंही असतात, ती बरोबरच घ्या आणि किती घालायची ते तिलाच विचारा. घरी जाऊन करायची तर सोडे किंवा वालाची डाळ घालून करतात. जून-जुलैत टाकळा, कुरडू, भारंगी, पुढे कंटोळी. वाटेवरच्या घरगुती खानावळीत सकाळी जेवण सांगायला थांबाल तेव्हा विचारा, "आज रानभाजी काही आलीय का?" असेल तर ती ताटात येते. पावसाळ्यात ओढ्याचे मुठे मिळाले तर त्यांचा रस्साही भाकरीबरोबर उत्तम.

आणि जांभळं. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि त्यामागे या मातीचा आणि जुन्या झाडांचा मोठा वाटा आहे. बांधकामांच्या रेट्यात ही झाडं जात होती, आता निदान त्यांच्याकडे लक्ष गेलंय. मेच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या मोठ्या पावसापर्यंतच हा हंगाम. पाऊस झोडपू लागला की फळ फुटतं, चव पाणचट होते. घ्यायची तर सकाळी घ्या, पानात किंवा टोपलीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. डोंगर उतरून येताना घ्या, चढायच्या आधी नाही. गाडीत उन्हात दोन तास राहिली तर घरी पोहोचेपर्यंत त्यांचा लगदा होतो.